काळ्या मातीतला झीरो

मे महिन्यात नागपुरात दुपारी दोन वाजता कामाचा फोन आला, की समजायचं काहीतरी खरंच अडलं आहे. एरवी त्या वेळी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. फोन कळमन्याकडच्या एका डाळ मिलमधून होता, काट्यावर बसणाऱ्या भाऊंचा.

"ताई, काटा पागल झाला जी. केबिनीत पाहा तं अठरा टन चारशे दाखवून राह्यला, अन् हापिसातल्या कॉम्प्युटरवर कायच्या काय. सकाळी बराबर राह्यते, दुपारी बिघडते."

हिंगणा एमआयडीसीत माझं छोटं युनिट आहे. वजनकाट्यांचे इंडिकेटर (वजन दाखवणारी यंत्रं), त्यांचे बोर्ड, त्यांना जोडणाऱ्या वायरी, हे सगळं मी करते. या मिलमधली जोडणी गेल्या सप्टेंबरात मीच केली होती, त्यामुळे दोष शोधायला दुसरीकडे बघायची सोय नव्हती. गाडीत मीटर, क्लॅम्प मीटर (वायर न तोडता करंट मोजणारा), लॅपटॉप आणि पाण्याचा मोठा थर्मास टाकून निघाले.

सिग्नल एका तारेवर, जमिनीपासून मोजायचा, की दोन तारांमधल्या फरकावर, हा या गोष्टीचा विषय. आधी तिथली मांडणी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. काटा ६० टनी. प्लॅटफॉर्मखाली सहा लोडसेल (भार पडला की बारीक व्होल्टेज देणारे सेन्सर), प्रत्येक ३० टनांचा. त्यांच्या तारा जंक्शन बॉक्समध्ये एकत्र येतात आणि तिथून साधारण पंचवीस मीटरची केबल केबिनीतल्या इंडिकेटरपर्यंत जाते. इंडिकेटरपासून दुसरी केबल, ८० मीटरची, यार्ड ओलांडून हापिसातल्या कॉम्प्युटरला. ही दुसरी केबल आरएस-२३२ची, म्हणजे आकडे-अक्षरं एका तारेवर अधिक-उणे व्होल्टने पाठवायच्या जुन्या पद्धतीची. पुस्तकात तिला पंधरा मीटरच्या आसपासची मर्यादा सांगितलेली असते, पण वेग १२०० बॉड (सेकंदाला १२०० बिट) ठेवला की ती याहून कितीतरी लांब चालते. आठ महिने चाललीही.

आता यातली विचित्र गोष्ट बघा. पहिल्या केबलमधून येणारा सिग्नल मायक्रोव्होल्टमध्ये मोजायचा असतो. दुसरीतला उणे आठ ते अधिक आठ व्होल्ट. दोन्ही केबली एकाच आवारात, एकाच उन्हात, त्याच मोटारींच्या आणि त्याच कूलरच्या शेजारून जातात. आणि बिघडली होती ती आठ व्होल्टवाली. मायक्रोव्होल्टवालीचं वजन दगडासारखं स्थिर होतं. एखाद्याने मला शाळकरी वयात विचारलं असतं, तर मी पैज लावून उलटं सांगितलं असतं.

पहिल्या दिवशी मी जी गोष्ट केली ती चुकीची होती. मोटारींचा त्रास असेल असं धरून ८० मीटर शील्डेड (धातूचं वेष्टण असलेली) केबल मागवली, जुनी काढून नवी टाकली. भर उन्हात दोन पोरांनी ती पाइपातून ओढली. फरक शून्य. शील्ड वाचवते ती बाहेरून तारेवर पडणाऱ्या विद्युतक्षेत्रापासून. जिच्यापासून आपण मोजतो ती जमीनच हलत असेल, तर शील्ड तिथे काही करू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी केबल दोन्ही टोकांना सोडवली आणि केबिनीतलं ग्राउंड (जमिनीशी जोडलेला शून्य, जिथून व्होल्ट मोजतात) व हापिसातलं ग्राउंड यांच्यामध्ये मीटर लावला. सकाळी नऊ वाजता अर्धा व्होल्ट. दुपारी दीड वाजता १६ व्होल्ट एसी. केबल परत जोडून मोजलं तर साडेसहा. साडेसहा व्होल्ट एसीचं शिखर नऊच्या वर जातं. म्हणजे इंडिकेटरने उणे आठ व्होल्ट पाठवले, तरी हापिसाच्या टोकाला शिखराच्या क्षणी ते अधिक एकच्या वर दिसणार. आरएस-२३२मध्ये उणे तीन ते अधिक तीन या पट्ट्यात अर्थच ठरलेला नाही. रिसीव्हर काय समजेल ते त्याच्यावर. सेकंदाला पन्नास वेळा हे घडत होतं. अक्षरांचा चुरा होणारच.

सिंगल-एंडेड इनपुटची सगळी गोष्ट या एका आकड्यात आहे. सिग्नलची तार एक. पाठवणारा ती तार स्वतःच्या ग्राउंडपासून मोजून वर-खाली करतो. घेणारा तीच तार स्वतःच्या ग्राउंडपासून मोजतो. दोघांचं ग्राउंड एकच आहे असं दोघंही गृहीत धरतात, आणि आकृती काढताना आपणही दोन्हीकडे तेच चिन्ह काढून मोकळे होतो. कागदावर ते एक असतं. कळमन्यात त्यांच्यामध्ये ८० मीटर काळी माती होती.

काळ्या मातीचं वेगळं सांगायला हवं. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते, तेव्हा अर्थिंगचा खड्डा छान काम करतो. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, माती इलेक्ट्रोडपासून सुटते आणि खड्ड्याचा रोध वाढतो. म्हणून जुने वायरमन उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी सोडायला सांगतात, मीठ-कोळसा भरायला सांगतात. केबिनीच्या खड्ड्यात कोणी पाणी सोडलं नव्हतं. पण सुकलेला खड्डा एकटा १६ व्होल्ट आणत नाही. त्यातून करंट वाहायला हवा. क्लॅम्प मीटर केबिनीच्या अर्थिंगच्या वायरीला लावला, तर जवळपास दोन अँपिअर. अर्थिंगमध्ये दोन अँपिअर!

शोधत गेलो तेव्हा सापडलं. केबिनीतला आणि शेजारच्या हमालांच्या शेडमधला, असे दोन कूलर. उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांच्या लाइनचा न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) कुठेतरी तुटला होता आणि कोणीतरी तो अर्थिंगला जोडून कूलर चालू करून दिले होते. दोन अँपिअर, आठ ओहमचा सुकलेला खड्डा, सोळा व्होल्ट. दुपारी कूलर लागले की केबिनीचं ग्राउंड उचललं जाणार, सकाळी कूलर बंद तर सगळं ठीक. भाऊ पहिल्या फोनवर हेच सांगत होते, मला ते कळायला दोन दिवस लागले.

इथे वजनाचा विषय मी बाजूला ठेवला. कारण ती अर्थिंगची वायर कुठे सुटली असती, तर कूलरच्या पत्र्यावर मोटरमधून सरळ २३० व्होल्ट आले असते, आणि तिथे उघड्या पायांनी, ओल्या फरशीवर माणसं झोपतात. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. मी मिलच्या मालकांना म्हटलं, "काका, आज कूलर बंद. आधी न्यूट्रल, मग काटा." त्यांनी कटकट न करता त्याच संध्याकाळी नवी वायर ओढून घेतली. त्यानंतर १६ व्होल्टचे दीड राहिले.

दीड व्होल्टवर ती जुनी जोडणी चालली असती. पण उद्या दुसरं कोणी दुसरं काही जोडेल, म्हणून ती तशी ठेवायची माझी तयारी नव्हती.

त्या रात्री प्रतापनगरला घरी आले तेव्हा बाबा अंगणात बाज टाकून बसले होते. बाबा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. काटोल रोडच्या खांबांवर त्यांची अर्धी नोकरी गेली. मी पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी बसले आणि सगळं सांगितलं.

"परतीची तार कोणती दिली होतीस?" त्यांनी विचारलं.

"ग्राउंडची आहे नं, बाबा."

"ते परतीची नाही झाली. ते सगळ्यांची झाली."

मी इंजिनिअरिंगला चार वर्षं आणि धंद्यात सतरा वर्षं काढली, पण हे इतक्या थोडक्यात कोणी सांगितलं नव्हतं. मग ते बोलत राहिले. तारयंत्राची लाइन एका तारेवर चालायची, परतीला जमीन. तिथे टिकटिक पोचली की झालं. पण टेलिफोनला कान लागलेला असतो, आणि कानाला गुणगुण सहन होत नाही. म्हणून टेलिफोनला दोन तारा, आणि जमिनीशी संबंध नाही. त्यातही दोन तारा नुसत्या शेजारून नेल्या तर जी विजेच्या लाइनच्या जवळ, तिच्यावर जास्त गुणगुण चढते. मग ठरावीक खांबांवर त्यांच्या जागा बदलायच्या, वरची खाली, खालची वर. "दोन्ही तारा सोबत भिजल्या पाहिजेत, सोबत वाळल्या पाहिजेत. एकीवर जे येईल ते दुसरीवर आलं पाहिजे. मग कानाला काही नाही ऐकू येत."

अलेक्झांडर ग्रॅहम बेलने पिळलेल्या दोन तारांचं पेटंट १८८१ साली घेतलं, ते याच कारणासाठी. खांबावर जे काही अंतराने व्हायचं, ते पिळलेल्या जोडीत दर इंचा-दोन इंचाला होतं. आज इंटरनेटच्या केबलमध्ये ज्या चार जोड्या असतात, त्या त्याच घराण्यातल्या.

डिफरेन्शियल इनपुट म्हणजे बाबांच्या दोन तारा आणि त्यांच्यापुढे बसलेला एक रिसीव्हर, जो फक्त एवढंच विचारतो: पहिली दुसरीपेक्षा वर की खाली? आपल्या नागपूरच्या झीरो माईलच्या खांबाजवळ समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलेली आहे, १०२०.१७१ फूट. तिथे उभ्या असलेल्या दोन भावांत उंच कोण, हे ठरवायला समुद्रापर्यंत मोजत जायची गरज नाही. पाठीला पाठ लावून उभं करायचं. खालची जमीन वर आली काय, खाली गेली काय, त्यांच्यातला फरक बदलत नाही.

आरएस-४८५ हे याच पद्धतीचं, १९८३चं स्टँडर्ड. दोन तारांमध्ये २०० मिलिव्होल्टचा फरक असला की रिसीव्हरला पुरतं, पाठवणारा किमान दीड व्होल्ट देतो, आणि कमी वेगाला १२०० मीटरपर्यंत जाता येतं. पण हे वाचून नुसती चिप बदलणाऱ्यांनी पुढचा आकडाही वाचावा. दोन्ही तारा मिळून रिसीव्हरच्या ग्राउंडपेक्षा उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट एवढ्याच पट्ट्यात असायला हव्यात. १६ व्होल्ट एसीचं शिखर साडेबावीसच्या पुढे जातं. म्हणजे न्यूट्रल दुरुस्त न करता मी साधी आरएस-४८५ची चिप लावली असती, तर फरक मोजायची पाळी यायच्या आधीच ती गेली असती. डिफरेन्शियल रिसीव्हरचा जमिनीशी संबंध कमी होतो, संपत नाही. तो पूर्ण तोडायचा तर आयसोलेशन (दोन्ही बाजूंत विजेची थेट जोडणीच नसणं) लागतं, आणि मी हापिसाच्या टोकाला आयसोलेटेड रिसीव्हरच लावला. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर, सिग्नल टोकावरून परत उसळू नये म्हणून. कोणी बोलत नसताना लाइन अधांतरी राहू नये म्हणून ६८० ओहमचे दोन रेझिस्टर, एक वर ओढणारा, एक खाली. तिसरी तार संदर्भासाठी, आणि शील्डचं अर्थिंग फक्त केबिनीच्या बाजूला. उन्हात ओढलेली ती शील्डेड केबल अशी कामी आली. तिच्यात पिळलेल्या जोड्या होत्या.

आता पंचवीस मीटरवाल्या त्या पहिल्या केबलकडे येते. मला खरं तर तिच्याबद्दलच लिहायचं होतं.

लोडसेलमध्ये चार स्ट्रेनगेजचा (ताण पडला की रोध बदलणाऱ्या पट्ट्यांचा) पूल असतो. त्याला १० व्होल्ट दिले की मधल्या दोन्ही तारा साधारण ५ व्होल्टवर येऊन बसतात. भार पडला की एक किंचित वर, दुसरी किंचित खाली. पूर्ण भाराला दोघींमधला फरक २० मिलिव्होल्ट. सहा सेल मिळून क्षमता १८० टन, म्हणजे १८० टनांना २० मिलिव्होल्ट. काट्याचा सर्वांत लहान टप्पा १० किलोचा. भागाकार करून पाहा: १० किलो म्हणजे १.१ मायक्रोव्होल्ट.

समजा या दोन तारांवर शेजारच्या मोटरच्या केबलमुळे १०० मिलिव्होल्टची पन्नास हर्ट्झची गुणगुण चढली. एकच तार ग्राउंडपासून मोजणाऱ्या रिसीव्हरला ती ९०० टनांएवढी दिसेल. तुरीच्या अठरा टनांच्या ट्रकवर ९०० टनांचं डोलणं. शिवाय त्याला ५ व्होल्टच्या डोंगरावरची मायक्रोव्होल्टची मुंगी शोधायची आहे, ते वेगळंच. दोघींमधला फरक घेणारा चांगला ॲम्प्लिफायर, ज्याचं कॉमन-मोड रिजेक्शन (दोन्ही तारांवर सारखं आलेलं दाबायची ताकद) १०० डीबी आहे, तो त्याच गुणगुणीला एक लाखाने भागतो. उरतो एक मायक्रोव्होल्ट, जेमतेम एक टप्पा. पुढचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारी चिप) सेकंदाला दहा वेळाच वाचतो आणि त्याचा फिल्टर पन्नास हर्ट्झला खड्डा पाडतो, त्यात तोही जातो. म्हणून केबिनीतलं वजन दगडासारखं होतं. सोळा व्होल्टने हललेल्या त्याच जमिनीवर उभं राहून.

पण १०० डीबी चिपच्या कागदावर असतं, बोर्डावर ते तुम्हाला सांभाळावं लागतं. एक ऑपॲम्प (साधी ॲम्प्लिफायर चिप) आणि चार एक टक्क्याचे रेझिस्टर घेऊन केलेला, गेन एकचा डिफरन्स ॲम्प्लिफायर वाईटात वाईट जुळणीत फक्त ३४ डीबी देतो. म्हणजे पन्नासच पट. रेझिस्टर ०.१ टक्क्याचे घेतले तर ५४. कॉलेजच्या प्रयोगात हे कोणी मोजायला लावत नाही, याचं मला वाईट वाटतं. एका तासाचं काम आहे.

माझी स्वतःची चूक कॅपॅसिटरची होती. काही वर्षांपूर्वी एका बोर्डावर मी दोन्ही इनपुटना रेडिओचा त्रास नको म्हणून प्रत्येकी एक किलोओहम आणि ग्राउंडला दहा नॅनोफॅरडचा सिरॅमिक कॅपॅसिटर दिला. फिल्टर बरोबर, हेतू बरोबर. पण कॅपॅसिटर वीस टक्क्यांचे. एक बारा निघाला, दुसरा नऊ. एका शीतगृहात तो बोर्ड लावला आणि दारावरच्या माणसाने वॉकीटॉकीचं बटण दाबलं की वजन चाळीस किलोने सरकायचं. दोन्ही तारांवर सारखी आलेली रेडिओलहर दोन वेगळ्या फिल्टरमधून जाताना वेगळी झाली, आणि वेगळं झालेलं सगळं डिफरेन्शियल इनपुट सिग्नलच समजतो. इतक्या वरच्या वारंवारतेला ॲम्प्लिफायरचं रिजेक्शन उरलेलं नसतं. इनपुटचे ट्रान्झिस्टर त्या लहरीचं डीसीत रूपांतर करतात आणि ते वजनात मिसळतं. इलाज सोपा निघाला. दोन तारांच्या मध्ये एक मोठा कॅपॅसिटर टाकायचा, ग्राउंडकडच्यांच्या निदान दहापट, आणि ग्राउंडकडचे लहान व अचूक घ्यायचे. मधला कॅपॅसिटर दोघींना सारखाच लागू असल्याने त्याच्यातल्या चुकीने जुळणी बिघडत नाही. एक तार जास्त भिजली होती, एवढंच झालं होतं.

सध्या माझ्याकडे शिकायला आलेली एक मुलगी आहे. तिने हे सगळं ऐकून विचारलं, "मॅडम, मग सगळंच डिफरेन्शियल काहून नाही करत?"

मी तिला बोर्ड दाखवला. प्रोसेसरपासून मेमरीपर्यंत तीन सेंटिमीटर अंतर, खाली अखंड तांब्याचं ग्राउंड. इथे दोन्ही टोकांची जमीन खरोखर एक आहे. तिथे प्रत्येक सिग्नलला दुसरी तार देणं म्हणजे पिना, जागा आणि पैसे वाया घालवणं. सिंगल-एंडेड वाईट नाही. त्याला जे गृहीत लागतं ते खरं असेल तिथे तेच घ्यावं.

रेडिओच्या रिसीव्हरमध्ये हा प्रश्न आणखी अवघड होतो, आणि मी आत्ता त्यातच अडकले आहे. केबलची भानगडच नको म्हणून ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात चालणारा बिनतारी डिस्प्ले करते आहे. अँटेना आणि तिची कोॲक्सिअल केबल जन्मतः सिंगल-एंडेड. एसएक्स-१२७६ या चिपचं रेडिओ इनपुट एका पिनेचं आहे. तिच्या पुढच्या पिढीतल्या एसएक्स-१२६२ला दोन पिना, डिफरेन्शियल. चिपच्या आत डिफरेन्शियल असण्याचे फायदे खरे आहेत. त्याच सिलिकॉनवर चाललेल्या डिजिटल सर्किटचा गोंगाट दोन्ही बाजूंना सारखा येतो आणि वजा होतो, सम क्रमाच्या विकृती (दुप्पट, चौपट वारंवारतेच्या) एकमेकींना खाऊन टाकतात.

पण अँटेनाची एक तार त्या दोन पिनांत वाटायला मध्ये बालन लागतो, कॉइल आणि कॅपॅसिटरची एक छोटी जुळणी. त्यात अर्धा ते एक डीबी जातो. पहिल्या ॲम्प्लिफायरच्या आधी गेलेला एक डीबी रिसीव्हरचा नॉइज फिगर (तो स्वतः किती गोंगाट घालतो त्याचं माप) सरळ एक डीबीने वाढवतो, आणि पुढे काहीही लावलं तरी तो परत येत नाही. शिवाय तेवढ्याच नॉइजसाठी डिफरेन्शियल ॲम्प्लिफायरला दुप्पट करंट द्यावा लागतो, कारण ट्रान्झिस्टर दोन आणि दोघांचा स्वतःचा गोंगाट वेगवेगळा, तो वजा होत नाही. बॅटरीवरच्या डिस्प्लेला हे महाग पडतं. माझं मत आज असं आहे की दूर लावलेल्या अँटेनासाठी बाहेरचा पहिला ॲम्प्लिफायर सिंगल-एंडेडच ठेवावा, त्याच्यानंतर बालन यावा, म्हणजे बालनचा तोटा जवळजवळ जाणवत नाही. दोन्ही प्रकारचे बोर्ड बनायला टाकले आहेत. हातात आले की मोजून लिहीन.

मिलमध्ये मी जूनच्या शेवटी परत गेले. पहिले दोन चांगले पाऊस होऊन गेले होते, केबिनीमागची भेग मिटली होती आणि खड्ड्याभोवती गवत उगवलं होतं. कूलर अजून चालू होते. दोन ग्राउंडमधला फरक मोजला: ०.३ व्होल्ट. हापिसातल्या कॉम्प्युटरवर महिनाभरात एकही अक्षर चुकलं नव्हतं. भाऊंनी चहा सांगितला.

काट्याच्या इंडिकेटरला वैधमापन (सरकारी वजन-मापे) खात्याचं सील असतं, त्याला हात लावायचा नसतो. पण कम्युनिकेशनची पेटी माझी. तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने तीन आकडे लिहून ठेवले: मे, कूलर चालू, १६. मे, न्यूट्रल दुरुस्त, १.५. जून, पावसानंतर, ०.३. खाली एका आकड्याची जागा सोडली आहे, पुढच्या मे महिन्यासाठी.